जागा कोरडी व धुळीची

नाशिक, सिडको
१२ जून २०२५

तीर्थरूप सावळीराममामांस,
योगिनीचा साष्टांग नमस्कार.

काल नांदगावला फोन केला होता. सावित्रीमामी म्हणाल्या, "ते फोनवर कामाचं बोलत नाहीत, लेखी पाठव." मला वाटलं चेष्टा करतायत. तर आई म्हणाली, अगं खरंच, एकतीस वर्षं पोलिसात काढलीत त्यानं, कागदावर नसलेलं त्याला खरंच वाटत नाही. म्हणून हे पत्र. पोस्टातल्या बाईंनी मला दोनदा विचारलं, "साधंच पत्र? नक्की?"

मामा, मी कादंबरी लिहितेय. खुनाची. हसू नका. पिंपळगावच्या आमच्या पॅकहाऊसचा द्राक्षाचा सीझन संपला की ऑफिसातल्या आम्हा लोकांना सप्टेंबरपर्यंत माश्या माराव्या लागतात. मागच्या वर्षी मी माश्यांऐवजी माणसं मारली, म्हणजे कथांमध्ये, आणि त्यातली एक दिवाळी अंकात छापून आली. ती वाचून पुण्याचे एक प्रकाशक म्हणाले, नाशिकवर काळीकुट्ट कादंबरी द्या. एका काठावर पाप धुणारे, दुसऱ्या काठावर करणारे. सकाळी काकडआरती आणि संध्याकाळी वाईनरी. असं दुतोंडी शहर दुसरं नाही, असं त्यांचं म्हणणं.

नाव ठरलंय, 'तपोवनात तिसरं प्रेत'. अट एकच, पोलिसी तपशील अस्सल हवेत. तो अस्सल माणूस माझ्या घरात असताना मी बाहेर कशाला शोधू? पहिलं प्रकरण सोबत आहे. मोकळेपणानं सांगा. मी वाईट वाटून घेणार नाही.

तुमची,
योगिनी


नांदगाव
२० जून २०२५

चि. योगिनी हिस अनेक आशीर्वाद.

तुझे दि. १२ चे पत्र व प्रकरण पहिले, पाने अकरा, दि. १८ रोजी दुपारी पावणेबारा वाजता पोस्टमनकडून समक्ष मिळाले. पान सातचा कोपरा दुमडलेला होता. तो मी दुमडलेला नाही.

प्रकरण दोनदा वाचले. लिखाण चांगले आहे, अक्षर फार चांगले आहे. मात्र तिसरे प्रेत म्हणतेस, तर पहिली दोन कोणत्या ठाण्याच्या हद्दीत सापडली याचा कोठेही उल्लेख नाही. हद्दीचा वाद आधी मिटवावा लागतो. तो मिटेपर्यंत प्रेताला कोणी हात लावत नाही, हे मी पाहिलेले आहे.

खुनी माणूस प्रेत कांद्याच्या गोणीत घालून नेतो असे लिहिले आहेस. कोणत्या गोणीत? हल्लीची गोणी जाळीची असते, आतला माल दिसावा म्हणूनच ती तशी असते. लासलगावच्या बाजारात नेलीस तर व्यापारी लांबूनच भाव सांगेल. तागाचे बारदान घे.

पुढे, खुनी रामकुंडावर अस्थी टाकल्याचे सोंग करून हत्यार पाण्यात सोडतो. हे होणे नाही. पोटलीला हात घालायच्या आत चार गुरुजी येतील, गाव विचारतील, गोत्र विचारतील, आजोबांचे नाव विचारतील आणि वही काढून दाखवतील की तुझे पणजोबा अमुक साली येथे येऊन गेले. आरोपीची एवढी चौकशी आमच्या खात्यानेही कधी केली नसेल.

तुझे इन्स्पेक्टर विक्रांत एकटे राहतात, बिनदुधाची कॉफी पितात आणि खिडकीतून शहराकडे बघतात. बायको सोडून गेलेली. आमच्या वेळी बायको गेलेला एकच फौजदार होता, आणि तीसुद्धा माहेरी मनमाडला गेलेली, तिचे सामान न्यायला टेम्पो मिळेना म्हणून महिनाभर उशीर झाला इतकेच. आणि तपासी अंमलदाराला खिडकीशी उभे राहायला सवड नसते. त्याला लिहायचे असते. गुन्हा पाच मिनिटांत होतो, पण त्याचे कागद पाच वर्षे चालतात. पोलिसाचे खरे हत्यार पेन आहे, हे तुझ्या विक्रांतला कोणीतरी सांग.

पुढील प्रकरणे पाठवावीत.

लिहिले, वाचून पाहिले, बरोबर आहे.

सावळीराम
(सहायक फौजदार, निवृत्त)


नाशिक
३ जुलै २०२५

तीर्थरूप मामांस,

तुमचं पत्र मी ऑफिसात मोठ्यानं वाचलं. आमचे मॅनेजर सोमनाथ सर म्हणाले, तुझी कादंबरी राहू दे, मामांचीच पत्रं छाप.

विक्रांतला चहा पाजला. बायको परत आणली, पण ती आल्यापासून त्याला एकही क्लू सापडत नाहीये. गोणी बदलली. दोन प्रेतं आडगावच्या हद्दीत ढकलली.

आता अडलंय ते नवव्या प्रकरणावर. आरोपी पोलिसांना घेऊन जातो आणि लपवलेलं हत्यार काढून देतो. हे कागदावर कसं उतरतं? म्हणजे शब्द कोणते असतात? तुमच्याकडे जुना एखादा नमुना असला तर पाठवाल का? मी नावं बदलीन.

आईनं विचारलंय, मामींचे गुडघे कसे आहेत.

तुमची,
योगिनी


नांदगाव
११ जुलै २०२५

चि. योगिनी हिस अनेक आशीर्वाद.

गुडघे जसे होते तसेच आहेत.

नमुना मागितलास, फार बरे वाटले. रिटायर झाल्यापासून मला कोणी काही मागितलेले नाही. लोक लाईटबिल दाखवायला येतात तेवढेच.

माझी पद्धत आधी सांगतो, ती तुझ्या विक्रांतला उपयोगी पडेल. पंचनाम्याचा जीव त्याच्या चतुःसीमांमध्ये असतो. पूर्वेस काय, पश्चिमेस काय, जमीन कशी. बाकीचे अंमलदार तेथेच गडबडतात. मी नोकरीच्या सुरुवातीलाच एक डायरी केली होती. हद्दीतली जी जी ठिकाणे नेहमी लागतात, त्या सर्वांच्या चतुःसीमा एकदा नीट पाहून लिहून ठेवल्या. पुढे काम सोपे झाले. त्या डायरीवरून दुसऱ्या ठाण्याचे लोकही उतरवून घेऊन जात.

सोबत माझ्या एका पंचनाम्याची नक्कल पाठवतो. एका लॉजच्या मॅनेजरला अंधारात कोणीतरी भोसकले होते. तो वाचला, पण कोणी भोसकले ते त्याला सांगता येईना. लॉजच्या फाटकाशी भेळेची गाडी लावणारा झुंबर नावाचा इसम, त्याच्याशी मॅनेजरची रोजची भांडणे. त्याला दहा वर्षे शिक्षा लागली ती या कागदावर. न्यायाधीश साहेबांनी निकालात लिहिले आहे की पंचनामा इतका तपशीलवार आहे की त्यावर अविश्वास ठेवण्यास कारण दिसत नाही. हे वाक्य मला पाठ आहे. नवीन भरती झालेल्या पोरांना नमुना म्हणून हाच देत असत.

"दि. ५ ऑगस्ट २०१९, वेळ सकाळी ११ ते ११.४५. आरोपी झुंबर याने स्वखुशीने निवेदन केल्यावरून, आरोपी पुढे व त्यामागे आम्ही पंच व पोलीस असे पायी चालत दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाशी आलो. सदर ठिकाणाच्या पूर्वेस नदीचे पात्र, पश्चिमेस पायऱ्या व पूजासाहित्याची दुकाने, उत्तरेस रामकुंडाकडे जाणारी वाट, दक्षिणेस भाजीवाल्यांची बसण्याची जागा. जागा कोरडी व धुळीची. मूर्तीच्या पायाशी डाव्या अंगास दगडात वीतभर खोल कपार. आरोपीने कपारीत उजवा हात घालून आम्हा पंचांसमक्ष सुरी काढून दिली. लांबी मुठीसह साडेनऊ इंच, मूठ लाकडी, मुठीस निळ्या चिकटपट्टीचे तीन वेढे."

बघ, तीन वेढे. मोजलेले आहेत. वाचकाला डोळ्यापुढे दिसले पाहिजे.

लिहिले, वाचून पाहिले, बरोबर आहे.

सावळीराम


नाशिक
२७ जुलै २०२५

तीर्थरूप मामांस,

नमुना मिळाला. मामा, खरं सांगते, तुमच्यापुढे माझं लिखाण पाणी भरतं. मी तो जवळपास तसाच्या तसा नवव्या प्रकरणात घातला, फक्त भेळवाल्याचा उसाचा रसवाला केला.

पण एक गंमत झाली. रविवारी घरी सगळ्यांना ते प्रकरण वाचून दाखवत होते. आई घेवडा निवडत बसली होती, लक्ष नाही असं वाटत होतं. मी 'पाच ऑगस्ट' वाचलं आणि ती म्हणाली, "त्या दिवशी कुठली धूळ? त्या दिवशी तर मारुती बुडत होता."

मला आठवेना. तर ती म्हणाली, तुझ्या भाचीचं, निकिताचं बारसं विसरलीस का? पंचवटीतला हॉल घेतला होता, ऐंशी माणसांचा स्वयंपाक झाला होता आणि पूर आला. पूल बंद. अलीकडचे अलीकडे, पलीकडचे पलीकडे. निकिताला पाळण्यात घातलं तेव्हा आम्ही चौघं होतो आणि शेजारच्या वहिनी. आम्ही चार दिवस बासुंदी खाल्ली. आपण नाशिककर पूर मारुतीवर मोजतो ना, पायाला पाणी, कमरेला पाणी. त्या दिवशी छातीच्या वर होतं म्हणे.

मी म्हटलं, आई, तारखेत तुझा घोळ होतोय. तर ती उठली आणि ट्रंकेतून तुमचंच पत्र काढलं. तुम्ही नाशिकला असतानासुद्धा बारशाला न आल्याचं पत्र पाठवलं होतंत. त्यावर तारीख ५ ऑगस्ट २०१९. "पुराच्या बंदोबस्तामुळे बारशास येता येत नाही. सकाळपासून पुलावर उभा आहे. मारुतीच्या छातीला पाणी लागलेले मी समक्ष पाहिले. मुलीस आशीर्वाद."

म्हणजे नक्कल करताना तारीख चुकली असणार, हो ना? पंचवीस ऑगस्ट होती का? कळवा, म्हणजे मी प्रकरण दुरुस्त करते.

तुमची,
योगिनी


नांदगाव
२६ ऑगस्ट २०२५

चि. योगिनी हिस अनेक आशीर्वाद.

उत्तरास उशीर झाला. पोळा होता. बैल आपल्याकडे आता नाहीत, पण शेजाऱ्यांचे असतात, त्यांना ओवाळावे लागते. त्यानंतर पाऊस होता. त्यानंतर मला थोडी कणकण होती. उद्या गणपती बसणार, गल्लीतल्या मंडळाने परवानगीचा अर्ज माझ्याकडून लिहून घेतला, त्यातही दोन दिवस गेले.

तुझे दहावे प्रकरण वाचले. त्यात विक्रांत आरोपीला मारहाण करीत नाही, हे चांगले दाखवले आहेस. जीप पांढरी लिहिली आहेस, ती निळी करावी की काय याचा विचार कर. पान चौदावर पुन्हा कॉफी आली आहे.

तारखेविषयी लिहिलेस. कादंबरीत तारखेला काय महत्त्व? श्रावण काढून माघ घाल. माघात नदीला पाणी नसते, कोणी हरकत घेणार नाही.

लंकाअक्काला सांग, जुनी पत्रे साठवून घरात झुरळे होतात. रद्दीत घालावीत.

सावळीराम


नाशिक
३ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप मामांस,

कादंबरीत मी माघ केला. दोन मिनिटांचं काम होतं.

पण मग झोपच लागेना. म्हणून त्या खटल्याचा निकाल शोधून काढला, हल्ली मोबाईलवर मिळतो. त्यात पाच ऑगस्टच आहे, मामा. तुमच्या हातून नक्कल करताना काही चुकलेलं नाही. ते न्यायाधीश साहेब निकालाच्या महिनाभर आधीच विदर्भातून बदलून आले होते. झुंबरला सरकारनं दिलेले वकील बाहेरच्या जिल्ह्यातले. कोर्टात एवढी माणसं, आणि दुतोंड्या मारुती पुरात बुडतो हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

झुंबरची बायको सुलाबाई आता तीच गाडी चालवते, लॉजसमोर नाही, कॉलेजपाशी. मी भेळ घ्यायला म्हणून गेले आणि तिला सगळं बोलून बसले. तिनं हातातली भेळ खाली ठेवली. मग म्हणाली, "सहा वर्षं मी सांगते की त्यांनी नाय केलं. कोणी म्हणत नाय की नाय केलं. तुम्ही पयल्या." सुरी तिच्याच गाडीवरची, कांदा कापायची. पोलिसांनी गाडीवरूनच उचलली, असं ती म्हणते. चिकटपट्टी तिनंच गुंडाळली होती, मूठ हाताला लागायची म्हणून.

झुंबर नाशिकरोडच्या जेलमध्ये आहे. चार वर्षं अजून बाकी. हायकोर्टात अपील पडून होतं, त्याची तारीख आठ ऑक्टोबरला लागलीय. वेदिका नावाची तरुण वकील बिनफी लढतेय. ती म्हणाली, पूर होता हे पेपरच्या कात्रणांवरून दाखवता येईल, पण सरकारी वकील म्हणतील की पाणी सकाळी कमी असेल, थोडं बाजूला असेल, आणि त्यात तारखांवर तारखा पडतील. ज्यानं लिहिलं त्यानंच सांगितलं तर गोष्ट वेगळी. तसं सांगणाऱ्यावर काय काय येऊ शकतं, तेही तिनं सांगितलं. खोटी साक्ष, चौकशी, पेन्शन. तिनं लपवलं नाही, म्हणून मीही लपवत नाही.

मी तुमच्याकडे काही मागत नाही, मामा. लहानपणी मला सायकल शिकवणाऱ्या माणसाकडे असलं काही कसं मागू? फक्त एवढंच विचारते. त्या दिवशी तुम्ही तिथं गेला होतात का?

योगिनी


नाशिक
१० सप्टेंबर

सावळ्या,

मी लंका. पोरीनं पत्रं वाचून दाखवली. मला लिहायचा सराव नाय, चौथीच झाली माझी, तरी लिहिते, कारण फोनवर तू सावित्रीला देतो.

तुझं पत्र मी रद्दीत घालणार नाय. तू लहान असताना पाटील गुरुजींची दौत फोडली आणि नाव न्हाव्याच्या पोराचं सांगितलं. त्याला मार पडला. तू आठ दिवस जेवला नाय आणि आईनं तुला देवऋषाकडे नेलं. आताबी तू जेवत नाय, असं सावित्री सांगते. वर लोकांना सांगतो कणकण हाय.

पेन्शनचं काय व्हायचं ते होवो. माझ्याकडे दोन खोल्या हायेत. इथं येऊन राहा दोघं. पण खोटं लिहिलेलं घेऊन माझ्या घरी येऊ नको.

लंका


नांदगाव
१९ सप्टेंबर २०२५

चि. योगिनी हिस आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर, नाही. मी तेथे गेलो नव्हतो. आरोपीही गेला नव्हता. पंचही गेले नव्हते. पंच म्हणजे आमचे नेहमीचे दोघे, एक चहावाला आणि एक झेरॉक्सवाला. ठाण्यासमोरच त्यांची दुकाने, हाक मारली की येत, सही करत आणि जात. वर्षाला साठ-सत्तर गुन्हे त्यांनी समक्ष पाहिलेले आहेत, गिऱ्हाईक सांभाळून.

त्या दिवशी सकाळपासून मी पुलावर होतो. संध्याकाळी ठाण्यात आलो. अंगावरून पाणी निथळत होते. साहेबांनी टेबलावर सुरी ठेवली आणि म्हणाले, "सावळीराम, हिला जागा द्या. सकाळची वेळ टाका." एवढेच म्हणाले. सुरी कोठून आली ते मी विचारले नाही. विचारायची पद्धत नव्हती, पण हे कारण झाले, उत्तर नव्हे. मी डायरी काढली. मारुतीचे पान सर्वांत जास्त वापरलेले, म्हणून तेच पान आपोआप उघडले. त्या चतुःसीमा मी एका मे महिन्यात उतरवल्या होत्या. माझ्या बुटात पाणी होते, योगिनी. पाय हलवला की आवाज येत होता. आणि हात लिहीत होता, जागा कोरडी व धुळीची.

त्याच दिवशी दुपारी पुलावर उभ्याउभ्या अक्काला पत्र लिहिले होते. एकाच दिवशी दोन कागद लिहिले. त्यातला खरा ट्रंकेत गेला आणि खोटा कोर्टात.

झुंबरने भोसकले की नाही, मला माहीत नाही. मॅनेजरचे वैरी पुष्कळ होते. मला माहीत नाही, हेच मी सहा वर्षांपूर्वी लिहायला हवे होते. नंतर कोर्टात शपथेवर पुन्हा तेच सांगितले, आणि न्यायाधीश साहेबांनी माझी तारीफ लिहिली तेव्हा मला खरेच आनंद झाला. मी घरी पेढे आणले होते. हे आठवले की अन्न गिळवत नाही.

सोमवारी मी तुम्हाला न कळवता नाशिकला येऊन गेलो. एसटीने उतरलो तो थेट मारुतीपाशी. पाणी पायाच्या खाली होते. मूर्तीभोवती तीन फेऱ्या मारल्या, हात लावून पाहिले. एका बाईने नमस्कार करून माझ्या हातात खडीसाखर ठेवली. डाव्या अंगास कपार नाही. उजव्या अंगासही नाही. कोठेच नाही. पूर्वी असेल आणि बुजली असेल, किंवा मी त्या मे महिन्यात उन्हाला कंटाळून तीही मनानेच लिहिली असेल. चाळीस पंचनाम्यांत ती कपार आहे. तिच्यातून माझ्या हिशेबाने इतर मालाखेरीज चार सुऱ्या, दोन मंगळसूत्रे आणि एक मोटारीचे चाक निघालेले आहे. चाक वीतभर कपारीत मावत नाही, हेही कोणी विचारले नाही.

वेदिका वकिलांना सांग, बुधवारी दि. २४ रोजी येतो. प्रतिज्ञापत्राचा मसुदा त्यांनी करू नये. मी करीन. डायरीही आणतो.

मामीला सर्व सांगितले आहे. ती म्हणाली, गुडघ्यांनी लंकावन्संकडच्या पायऱ्या चढवतील का ते बघा.

सावळीराम


नाशिक
१७ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप मामांस,

झालं, मामा. शिक्षा स्थगित झाली, जामीन मिळाला. निर्दोष अजून नाही, त्याला वेळ लागेल, पण बाहेर येतोय. वेदिका सांगत होती, न्यायाधीशांनी तुमचं प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, हे कुणी लिहून दिलं? ती म्हणाली, त्यांनी स्वतः. तर ते म्हणाले, तेच वाटलं, वकिलाला इतकं स्वच्छ लिहिता येत नाही.

तुम्हाला चौकशीची नोटीस आल्याचं मामींनी फोनवर सांगितलं. तुम्ही ती लाल पेनानं दुरुस्त करून परत पाठवली, हे खरं का?

झुंबर शुक्रवारी सकाळी सुटेल. तुम्ही कृपया जेलपाशी जाऊ नका. सुलाबाईचा राग वाजवी आहे आणि तिच्या हातात झारा असतो. मला त्या दिवशी पिंपळगावला जावं लागेल, निर्यातीच्या द्राक्षबागांची नोंदणी सुरू झालीय. नाहीतर मी आले असते.

कादंबरी मी बाजूला ठेवलीय. विक्रांत काहीही शोधून काढतो, ते सोपं वाटायला लागलंय.

तुमची,
योगिनी


नांदगाव
२३ नोव्हेंबर २०२५

चि. योगिनी,

नोटीस दुरुस्त केली हे खरे आहे. मसुदा फार गचाळ होता. माझा गुन्हा तरी नीट लिहावा.

तू नको म्हणालीस तरी मी शुक्रवारी गेलो. जेलच्या फाटकासमोर रस्त्यापलीकडे उभा राहिलो. सुलाबाई आली होती, झारा नव्हता, डबा होता. झुंबर बाहेर आला तो आधी मला ओळखूच आला नाही. मी ज्याला 'मजबूत बांध्याचा' लिहिले होते, त्याच्या हाताची हाडे दिसत होती. त्याने मला लगेच ओळखले. सुलाबाई आडवी आली, म्हणाली, तुम्ही व्हा तिकडं. तो म्हणाला, थांब, मला एक विचारायचं हाय यांना.

मला वाटले, विचारेल की का लिहिलेत. उत्तर मी पाठ करून आलो होतो. त्याने ते विचारले नाही.

तो म्हणाला, "आत दुसरं वाचायला नव्हतं, हवालदार. तुमचा कागद होता माझ्यापाशी. रोज वाचला. तुम्ही लिहिलंच असं, की मला ती कपार दिसायला लागली. हात घातला की आतून गार लागायचं. मारलं नाय हे ठाऊक हाय मला. पण दोन वर्षं झाली, वाटतं, सुरी मीच ठिवली असंल तिथं. मी ठिवली व्हती का?"

मी म्हणालो, नाही. म्हणालो, तेथे कपारच नाही, मी स्वतः समक्ष पाहून आलो.

तो म्हणाला, "तवाबी तुम्ही समक्षच पाहिली व्हती."

योगिनी, एकतीस वर्षे वकिलांनी माझी उलटतपासणी घेतली. असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, तूच चल, तुझ्या हाताने पाहा.

मग आम्ही रिक्षाने मारुतीपाशी गेलो. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो, ती दोघे मागे. तेथे मी लांब पायरीवर थांबलो. झुंबर मूर्तीपाशी गेला. पायापासून सुरुवात केली आणि तळहात दगडाला टेकवून सगळीकडून फिरवला, डावीकडून, उजवीकडून, मागून. लोक वाट काढून जात होते. तो पुन्हा पहिल्यापासून हात फिरवू लागला. सुलाबाईने विचारले, "हाय का?" तो म्हणाला, "नाय." आणि तेथेच खाली बसला. बराच वेळ रडला. सुलाबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "मी सांगत नव्हते? मी सांगत नव्हते?"

नंतर तिने डबा उघडला. घरून भेळ करून आणली होती, कांदा वेगळ्या पुडीत. दोघांनी तेथेच बसून खाल्ली. मला बोलावले नाही. मी पायरीवर बसून राहिलो, त्यांचे खाऊन होईपर्यंत.

मामा